लालीबाईचा बिरेक

बोरी अरबच्या वरच्या अंगाला, अडाण नदीच्या काठाकाठानं चालत गेलं की राठोडांचा तांडा लागतो. तिथल्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख हिंडायचे. आगगाडी आली, तो धंदा बसला आणि तांडा जमिनीला चिकटला. मग घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी आणि वावरात कापूस, ज्वारी, तूर असं सुरू झालं. बैलांचा नाद मात्र सुटला नाही.

नेमसिंग राठोडला तो जरा जास्तच होता. पिकं निघाली की गावोगावी शंकरपट भरत. मोकळ्या रानात एक सरळ वाट आखलेली असे. दोन माणसं सहज उचलतील एवढी हलकी दुचाकी गाडी, तिला दोन बैल आणि वर उभा एक हाकणारा, धुरकरी. ज्याची जोडी कमी वेळात शेवटची खूण ओलांडेल, तो जिंकला. नेमसिंगच्या जोडीतल्या एका बैलाचं नाव वावधन आणि दुसऱ्याचं मण्या. वावधन म्हणजे वादळी वारा, आणि तो तसाच होता. दारव्ह्यापासून महागावपर्यंत पटाच्या शौकिनांना ही जोडी ठाऊक होती.

पटात सगळा विचार पळण्याचा. थांबण्याचा विचार कोणी करत नसे. खूण ओलांडली की धुरकरी मागं रेलून कासरा ओढी, पुढच्या नांगरलेल्या ढेकळांत बैलांचे पाय जड होत आणि गाडी थांबे. बोरीच्या पटात खुणेपुढं नांगरलेलं रान थोडंच होतं. त्याच्यापुढं नदीची दरड होती.

महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या माघात त्या रानात नेमसिंगच्या हातात कासरा तुटला. बैल दरडीपर्यंत गेले आणि ऐनवेळी काठाला समांतर वळले. जू मोडलं, बैल सुटले आणि गाडी नेमसिंगला घेऊन खाली गेली. बैलांना खरचटलंसुद्धा नाही. नेमसिंग यवतमाळच्या दवाखान्यात बरेच दिवस होता. परत आला तो बाजेवर. कंबरेखाली काही उरलं नव्हतं. वरचं धड मात्र पूर्वीसारखं होतं. हातांत तोच जोर होता आणि गळ्यात तोच आवाज.

त्याची बायको लालीबाई. फुलसावंगीकडच्या तांड्यातली, उंच आणि मोठ्या आवाजाची. वावरात एका टोकाला बोलली की दुसऱ्या टोकाला ऐकू यायची. एक मुलगी होती, ती बाभुळगावकडे दिलेली. घरात आता ही दोघं आणि नेमसिंगचा धाकटा भाऊ खेमसिंग. लालीबाई नवऱ्याला धुवायची, पुसायची आणि दिवसातून कितीदा तरी या कुशीवरून त्या कुशीवर वळवायची. तसं वळवलं नाही तर पाठीला जखमा होत. वळवूनही झाल्याच.

पहिलं वर्ष नेमसिंगनं काढलं. पाय परत येतील असं त्याला वाटत होतं. दुसऱ्या वर्षी कापूस वेचायला आला तेव्हा त्यानं तोंड भिंतीकडे केलं आणि जेवण कमी करत आणलं. गोठ्यातून वावधनच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज आला की तो डोळे मिटून घ्यायचा.

एके दिवशी त्यानं भावाला हाक मारली.

"खेमू, मले एकदा गाडीत बसव."

"कोणत्या गाडीत? बाजारात जाचं हाय का?"

"पटाच्या गाडीत."

खेमसिंग हसला. मग त्यानं भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं. "दादा, तुले बसता येत नाही."

"मंग बांध मले. कंबरेपासून बांध. एकच धाव. मंग मी जेवतो."

लालीबाई दारात उभी होती, हातात ज्वारीची बाटी, म्हणजे भाकरी, घेऊन. "ही अडवणूक हाय," ती म्हणाली.

"अडवणूकच हाय," नेमसिंग म्हणाला. "माह्यापाशी दुसरं काय राह्यलं?"

ती भांडली. रडली नाही, भांडली. तांड्याच्या नायकाला बोलावून आणलं. नायक बाजेशी बसून समजुतीच्या गोष्टी सांगून गेला. नेमसिंग ऐकत राहिला आणि ताट सरकवत राहिला. दिवसाकाठी घासभर कण्या आणि पाणी, एवढ्यावर राहू लागला. त्याचे दंड, ज्यांच्याकडे बघून ती नव्यानं लग्न होऊन आली तेव्हा लाजली होती, ते रोज तिच्या हातात थोडे कमी भरू लागले. दवाखान्यातून एकदा वाचवून आणलेला माणूस आता घरातल्या घरात, तिच्या डोळ्यांसमोर, आपल्या मर्जीनं चालला होता आणि तिला काही करता येत नव्हतं. खेमसिंग तर केव्हाच कबूल झाला होता. भावाचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

शेवटी एका सकाळी ती गोठ्याशी जाऊन खेमसिंगला म्हणाली, "पळवाचं तुमी पाहा. थांबवाचं मी पाहीन."

तिचे वडील पुसदच्या घाटातून कापसाच्या गाड्या उतरवायचे. उतार आला की ते चाकांमागं एक आडवं लाकूड दोरानं आवळत, ते चाकांवर घासे आणि गाडी बैलांच्या अंगावर जात नसे. त्याला ते बिरेक म्हणत. लालीबाईनं बाभळीचं तसंच लाकूड तासून घेतलं, खेमसिंगनं जोडून काढलेल्या पटाच्या गाडीला मागून टांगलं, आणि खेमसिंगला तांड्याच्या पडीक रानात जोडी पळवायला लावली.

वेगात असताना खेमसिंगनं दोर ओढला. लाकूड चाकाच्या लोखंडी धावेवर टेकलं, त्यातून धूर निघाला, करपल्याचा वास आला, आणि जोडी तशीच पुढच्या तुरीत शिरली. घाटातल्या जड गाडीचं चालणं आणि पटातल्या गाडीचं पळणं यांत किती अंतर आहे, ते तिला तुरीची मोडलेली रांग बघून कळलं.

मग तिनं बोरीच्या रस्त्यावर पडलेला ट्रकच्या टायरचा तुकडा आणला, कापला आणि लाकडावर खिळ्यांनी ठोकला. रबर लोखंडाला धरेल असा तिचा हिशेब. रबरानं धरलंही, पण एकाच चाकाला. डावं चाक जागच्या जागी थांबलं, उजवं पळत राहिलं, गाडी गर्रकन फिरली आणि खेमसिंग खांद्यावर आपटला. चाकाचे आरे मोडून पडले. बैल मोडकी गाडी ओढत तांड्यात आले. सगळा तांडा बघायला जमला.

"पटात लोक पळाले येतात, थांबाले कोनी येत नाही," एक म्हातारा म्हणाला. बाकीचे हसले. लालीबाईनं बैल सोडून गोठ्यात नेले.

घरात गेली तर नेमसिंग भिंतीकडे बघत म्हणाला, "आज मी गाडीत असतो तर बरं झालं असतं. सुटलो असतो."

तिनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. अंगणात जाऊन बसली. गाडी मोडली होती, दिराचा खांदा सुजला होता, आणि घरात एक माणूस मरणाची वाट बघत पडला होता. तिला वाटलं, आपणही जेवू नये, बघू कोण आधी जातं ते. एका घरात दोघं उपाशी. दुसऱ्या दिवशी खेमसिंगनं एका हातानं बाट्या भाजल्या. एका बाजूनं जळलेल्या आणि आतून कच्च्या अशा त्या त्यानं दोघांपुढं ठेवल्या. नेमसिंगनं पाहिलंही नाही. लालीबाई बराच वेळ बाटीकडे बघत राहिली. मग तिनं ती खाल्ली.

"मी मेली तर याले वळवन कोन?" ती खेमसिंगला म्हणाली.

त्याच आठवड्यात ती दारव्ह्याला गेली. तिथं कापसाच्या जिनातले ट्रक दुरुस्त करणारा फुलचंद म्हणून एक मिस्त्री होता. तो एका ट्रकखाली उताणा पडलेला. फेटिया घागरा आणि कांचळी चोळी घातलेली, हातभर बलोये बांगड्या चढवलेली तांड्यातली बाई आपल्या पायांशी उभी आहे हे त्याला पुष्कळ वेळ कळलंच नाही.

"बिरेक कसा असते ते पाहाचं हाय," ती म्हणाली.

"कशाले?"

"बैलगाडीले लावाले."

फुलचंद ट्रकखालून बाहेर आला. "बाई, बैलाले कासरा असते."

"कासरा तुटला म्हणून तर आली."

तिनं सगळं सांगितलं, नवऱ्याचं न जेवणंसुद्धा. फुलचंद भला माणूस होता, पण कामात होता. हे खूळ आहे, घरी जा, असं त्यानं दोनदा सांगितलं. ती गेली नाही. दुपार झाली, त्यानं डबा खाल्ला, तरी ती टायरांच्या ढिगाशी उभीच. शेवटी त्यानं तिला एका उघड्या चाकाशी नेलं आणि आतली झिजलेली जाड पट्टी दाखवली.

"हे लायनर. रबर कायले ठोकलं तुमी? रबर एक तर सोडते, नाही तर एकदम धरते. हे घासते, अन् घासता घासता धरते." मग त्यानं जमिनीवर बोटानं रेघ मारली. "अन् दोन चाकाले दोन जोर लागले तर गाडी फिरनच. दोर एकच पाह्यजे, मधात. तो दोर एका दांडीले, अन् दांडीच्या दोन टोकाले दोन ठोकळे. तराजूवानी. एक ठोकळा आधी टेकला तर दांडी फिरते अन् दुसऱ्याले टेकवते. मंग जोर दोघाले सारखा."

"हे जमन का?"

"ट्रकले जमते. तुमच्या बैलाचं मले काय ठाऊक." त्यानं जुन्या लायनरचे तुकडे एका फाटक्या पोत्यात भरून तिला दिले. "भंगारच हाय, न्या."

बोरीच्या भीमराज लोहाराकडे ती पोतं घेऊन गेली. त्याला द्यायला तिच्याकडे काही नव्हतं, म्हणून म्हणाली, "भाता मी ओढीन, जोपर्यंत हे होत नाही तोपर्यंत." सकाळी नवऱ्याला धुवून, वळवून ती तांड्यावरून निघायची, दुपारपर्यंत भाता ओढायची आणि पळत घरी यायची. भीमराजनं ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून दांडी काढली, ठोकळ्यांना लायनर ठोकले आणि साखळीच्या कड्या जोडल्या. दांडी दोनदा वाकडी झाली. तिसऱ्यांदा त्यानं ती भट्टीत घातली तेव्हा लालीबाईच्या हातांना फोड आलेले होते, आणि ती भात्याची दोरी कोपरात अडकवून अंगानं ओढत होती. खेमसिंगनं शेजाऱ्याच्या पडलेल्या गाडीचं चाक उतरवून आपल्या गाडीला बसवलं.

या वेळी गाडी फिरली नाही. दोन्ही चाकं बरोबर जड झाली. पण मागून एकदम ओढ बसल्यावर बैल बावचळले. वावधन पुढच्या गुडघ्यांवर पडला आणि त्याची कातडी सोलली. लालीबाई त्याच्या पायाशी बसून हळद भरत होती, आणि तोंडानं त्या मुक्या जनावराची माफी मागत होती. आता बैल मोडायचा राहिला होता, तेवढंच.

पण हात टेकायलाही तिला जागा नव्हती. पटाचा दिवस जवळ येत होता, आणि नेमसिंगच्या गालाची हाडं वर आली होती. मग तिनं आणि खेमसिंगनं जोडी पळवणं सोडून नुसती चालवायला सुरुवात केली. चालताना दोर हलका ओढायचा. लायनर चाकावर कर्र असं वाजायचं, त्याच क्षणी थांबायचं आणि बैलांच्या तोंडात सरकीच्या ढेपेचा तुकडा द्यायचा. आधी चालत, मग दुडक्या चालीवर, मग पळत. काही आठवड्यांनी असं झालं की कर्र वाजलं की मण्या आपणहून मान वर करून पाय आखडता घ्यायचा, आणि मण्याचं बघून वावधनही.

एक अडचण उरलीच. खेमसिंगचा खांदा पुरता बरा नव्हता, त्याला कासऱ्याला दोन्ही हात लागत. पायानं दोर ओढून पाहिला, तर गाडीच्या उसळीनं पाय निसटला.

घरात दोघं हेच बोलत असताना बाजेवरून नेमसिंगचा आवाज आला, "दोर माह्या हातात द्या."

दोघं वळली. तो त्यांच्याकडे बघत होता. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याचं तोंड भिंतीकडे नव्हतं.

"मी गाडीत असनच ना? हात तर हाय मले."

त्या दिवशी त्यानं अर्धी बाटी खाल्ली. लालीबाई पाणी आणायला म्हणून बाहेर गेली आणि आडोशाला उभी राहून रडली. इतक्या दिवसांत तेवढंच एक सुख.

ते फार टिकलं नाही. नेमसिंग रोज पटाविषयी विचारू लागला. खूण मागच्या जागीच आहे का? खुणेपुढचं रान नांगरलंय का? दरड पावसात ढासळली की अजून तेवढीच उंच आहे? खेमसिंग हौसेनं सांगायचा. लालीबाई ऐकायची आणि तिला काहीतरी टोचायचं, काय ते कळायचं नाही.

पटाच्या दिवशी सकाळी ती त्याला धुवत होती. धुतलेलं धोतर, नवा पटका, सगळं काढून ठेवलं होतं. नेमसिंग शांत होता. म्हणाला, "खेमूले उडी मारता येते ना? वेळ पडली तर?"

तिचा हात थांबला.

त्याला दोर कशाला हवा होता, ते तिला त्या क्षणी लख्ख कळलं. ओढायला नाही. तो दुसऱ्या कोणाच्या हातात जाऊ नये म्हणून. जी दरड त्याला अर्धा मारून थांबली होती, तिच्याकडून त्याला उरलेलं काम करून घ्यायचं होतं. आणि ती स्वतः हातांना फोड येईपर्यंत भाता ओढून त्याची गाडी सजवत होती.

दोर काढून घेता आला असता. गाडीच नेऊ नका म्हणता आलं असतं. मग तो पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, आणि या वेळी वळणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्याची पाठ पुसली, जखमांना तेल लावलं, पटका बांधला.

"मी दरडीवर उभी राहीन," ती म्हणाली. "खुणेच्या सरळ पुढं. जोडी तिकडून येईन तवा मी तथीच असन."

नेमसिंगनं पटका कपाळावर सारखा केला. तिनं पुन्हा सांगितलं नाही.

पटाचे पंच होते विठ्ठलराव पाटील. बोरीतले मोठे कास्तकार, पटाचं घड्याळ त्यांच्याच हातात असे. बाजेवरून आणलेल्या नेमसिंगला गाडीच्या साट्याला बांधताना पाहून ते उठून आले.

"हे चालणार नाही. माझ्या पटात लुळ्या माणसाला बांधून गाडी पळवायची नाही. उद्या लोक काय म्हणतील?"

"पाटील," लालीबाई म्हणाली, "दोन वर्षं हे रोज थोडं थोडं मरून राह्यले. तुमी नाही म्हणसान तर घरी नेऊन मरू देतो. पन म्या बिरेक लावला हाय. तेवढा पाहा."

विठ्ठलरावांनी वाकून दांडी पाहिली, साखळी ओढून पाहिली. कर्र वाजलं आणि बैलांनी माना वर केल्या. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. मग म्हणाले, "सगळ्या जोड्या झाल्यावर. एकटी पळवा. घड्याळ लावणार नाही."

"घड्याळ लावा," गाडीतून नेमसिंग म्हणाला.

"नाही लावणार," विठ्ठलराव म्हणाले, आणि माणसं बाजूला करायला गेले.

ऊन उतरत आलं तेव्हा शेवटच्या जोड्या पळून झाल्या. लालीबाई नांगरलेल्या ढेकळांतून चालत दरडीच्या काठावर गेली. तिच्या मागं खोल नदीचं कोरडं पात्र होतं. समोर, दूर, गाडी एवढीशी दिसत होती. कोणीतरी ओरडलं, "बाई, बाजूले हो." विठ्ठलरावही हात हलवत होते. ती हलली नाही. वारा नदीकडून येत होता आणि तिच्या ओढणीचा पदर पुढं उडत होता.

जोडी सुटली. इतक्या वर्षांत तिनं ही जोडी कडेनं पळताना पाहिली होती, समोरून कधीच नाही. समोरून ती पळताना दिसतच नव्हती, नुसती मोठी होत जात होती. मग टापांचा आवाज आला, मग खेमसिंगचा, मग लोकांचा. नेमसिंग साट्याला टेकून सरळ बसला होता. त्याचा पटका सुटून गळ्यात आला होता. दोर त्याच्या दोन्ही हातांत होता, मांडीवर. सैल.

खूण मागं पडली. कर्र वाजलं नाही.

"दादा, ओढ," खेमसिंग कासऱ्यावर मागं रेलत ओरडला. बैल ढेकळांत आले. ढेकळांनी त्यांना काही झालं नाही. लालीबाईला आता वावधनच्या नाकपुड्या दिसत होत्या, आतल्या लाल. तिला पळावंसं वाटलं, मनापासून वाटलं, आणि पाय उचलले नाहीत. तिनं डोळे मात्र मिटले नाहीत. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

नेमसिंगनं दोर ओढला.

लायनर किंचाळलं. मण्याची मान वर गेली. डाव्या ठोकळ्याचे खिळे उपटून तो उडून गेला, गाडी एका अंगाला सरकली, धूर आणि माती एकत्र उठली. मग सगळं थांबलं. वावधनचं ओलं नाक तिच्या खांद्याला लागलं होतं. तिच्या टाचांमागची थोडी माती सुटून खाली नदीत पडल्याचा आवाज आला.

लोक धावत आले. कोणी बैल धरले, कोणी खेमसिंगला उतरवलं. तो ढेकळांतच खाली बसला. लालीबाई गाडीशी गेली. नेमसिंगच्या दोन्ही तळहातांची साल दोरानं निघाली होती. तो अजून दोर सोडत नव्हता. तिनं एकेक बोट उलगडून तो काढला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. गाठी सोडताना तिच्याकडून त्या सुटेनात, म्हणून विठ्ठलरावांनी कोयत्यानं कापल्या.

नेमसिंग शब्दाला जागला, जेवू लागला. पण लालीबाईशी होळीपर्यंत बोलला नाही. खेमसिंगशी बोलायचा, नायकाशी बोलायचा, ती आली की गप्प. ती त्याला वळवायची, धुवायची, भरवायची आणि त्याच्या गप्प राहण्यात दिवस काढायची. तिनं त्याला वाचवलं की त्याची एकुलती वाट अडवली, हे तिलाही सांगता आलं नसतं. रात्रंदिवस तीच चूल, तीच बाज, त्याच जखमा. धाव झाली म्हणून काही बदललं नव्हतं.

बिरेक बघायला आसपासचे दोन-तीन धुरकरी आले. एकानं तसा करून घेतला. बाकीच्यांनी दांडी हातात घेऊन वजन पाहिलं आणि परत ठेवली. एवढं लोखंड घेऊन जोडी जिंकायची कशी? पुढच्या वर्षी विठ्ठलरावांनी पटाची खूणच बरीच मागं घेतली, म्हणजे दरडीपर्यंत रान जास्त राहिलं. त्यानंतर बोरीच्या पटात नदीत कोणी गेलं नाही. वावधन आणि मण्या बाभुळगावच्या एका कास्तकारानं नेले. त्याला पटाची हौस नव्हती, नांगराला हवे होते.

नेमसिंग त्यानंतर चार पावसाळे जगला आणि पाठीच्या जखमांच्या तापानं गेला. त्या अखेरच्या वर्षात, एकदा ती त्याच्या पाठीला तेल लावत असताना तिनं विचारलं. इतके दिवस ओठांशी येऊन परत गेलेलं विचारलं.

"त्या दिवशी मी मधात उभी नसती, तर दोर ओढला असता का तुमी?"

नेमसिंगनं बाजेचा काठ धरला. मग म्हणाला, "तू मले दिसलीच नव्हती. धुरळा होता."

लालीबाईला तो वारा आठवत होता. नदीकडून येणारा. सगळा धुरळा गाडीच्या मागं उडत होता आणि त्याचा चेहरा तिला शेवटपर्यंत स्वच्छ दिसला होता.

"असन," ती म्हणाली, आणि तिनं त्याला दुसऱ्या कुशीवर वळवलं.